सरकारी नोकरीचा उबग आलाय: रजा, बदली की राजीनामा?

सज्जावाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. घरात हा विषय काढायची सोय नाही. वडील म्हणतात, "त्या जागेसाठी लोक रांगा लावतात." खरं आहे. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. मी त्याच्या आधीच्या भरतीतला. सोलापूरकडे तलाठी आहे. पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, लोक भाऊसाहेबच म्हणतात.

माझा एक सज्जा (म्हणजे एका तलाठ्याकडची गावं), शिवाय दोन सज्ज्यांचा अतिरिक्त कार्यभार. काम जास्त आहे ही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आम्ही दिवस-रात्र बघितली नाही. पंचनामे सुरू झाले तेव्हा शेताला जायला रस्ताच उरला नव्हता. कोतवाल पुढे काठी टेकवत चालायचा, मी मागून फोन डोक्यावर धरून. खरवडून गेलेल्या रानात उभं राहून शेतकऱ्याला विचारायचं, "गट नंबर काय?" आणि तो नुसता हात करून दाखवायचा. तेव्हा थकवा होता, झोप नव्हती, पण उबग नव्हता.

उबग नंतर आला. तीच गावं, तेच खातेदार, तेच बाधित क्षेत्र, आणि माहिती मागणारी प्रपत्रं निरनिराळी. एकात आधार आधी, एकात बँक खातं आधी. एकात हेक्टर-आर, दुसऱ्यात नुसते आर. पाठवलं की तासाभरात ग्रुपवर मेसेज, "अद्याप अप्राप्त. व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल." त्यात ई-पीक पाहणीचे टक्के, फार्मर आयडीचे टक्के, वसुलीचे टक्के. प्रत्येक यादीत तळाचे पाच लाल रंगात.

परवा 'माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल सादर करावा' असा मेसेज आला. काही नसेल तर 'नाही' एवढंच कळवायचं. एवढंसं काम. मी फोन उलटा ठेवला आणि चावडीच्या पायरीवर बसलो. बारा वेळा वाजला असेल, उचलावासाच वाटेना. भीतीही वाटेना. तेच जरा विचित्र वाटलं.

प्रश्न एवढाच: अशा वेळी लांब रजा टाकावी, बदली मागावी, दुसऱ्या खात्याची परीक्षा द्यावी, की सरळ राजीनामा द्यावा? वय चौतीस, मुलं लहान. पेन्शन नवीवाली.

चहाबाज

आधी हे सांगा, एवढं लिहायला वेळ कसा मिळाला? सर्व्हर डाऊन आहे का?

सज्जावाला

@चहाबाज, डाऊन म्हणायचं नाही, 'देखभालीसाठी तात्पुरता बंद'. रात्री अकरानंतर पळतो. मुलं झोपली की मी नोंदी धरायला बसतो.

पेठेतला_पडीक

राग येणार असेल तर येऊ द्या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून हे वाचतोय. सकाळी सातला जागा धरायची, रात्री दहाला उठायचं, मेसचे डबे, घरून "औंदा तरी होईल का" असे फोन. मागच्या तलाठी भरतीत थोडक्यात राहिलो. तुम्हाला मिळालेली जागा नकोशी झालीय. मग द्या राजीनामा, एक जागा तरी रिकामी होईल. पगार वेळेवर, लग्नाच्या बाजारात भाव, गावात मान. तरी हे पायरीवर बसणार!

संत्रानगरी

@पेठेतला_पडीक, भाऊ, राजीनाम्यानं जागा रिकामी होते, भरल्या जात नाही. त्याचा सज्जा शेजारच्याच्या गळ्यात पडते. आमच्याकडे एकेका पटवाऱ्याकडं तीन-तीन सज्जे आहेत. तू लागशीन तेव्हा तुयाकडंही येईन, मंग याच धाग्यावर भेटू.

गट_नंबर_शून्य

सहानुभूती आहे, पण नाण्याची दुसरी बाजू मांडतो. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज केला. नियम सगळ्यांना पाठ आहे: फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) धरायचा, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. आमचा कोणाशी वाद नाही, हरकत नाही. तरी वर्ष गेलं. तलाठी कार्यालयाला कुलूप, फोन केला की "मीटिंगला आहे." शेवटी तिथल्या एका 'माणसानं' सांगितलं की असं असं करा, म्हणजे होईल. झालं. चार दिवसांत झालं!

लाचलुचपतच्या कारवायांत महसूल खातं वर्षानुवर्षं पहिल्या एक-दोन नंबरांत असतं. हे भाऊसाहेब तसे असतील असं म्हणत नाही. पण लोकांच्या हेलपाट्यांनाही उबग येतो. आम्ही कुठल्या पायरीवर बसायचं?

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

सज्जावाला

@गट_नंबर_शून्य, तुम्ही म्हणता तो 'माणूस' मला माहीत आहे. म्हणजे तुमच्या गावचा नाही, तो प्रकार माहीत आहे. आमच्याकडे त्याला झिरो तलाठी म्हणतात. सरकारनं नेमलेला नाही, पगारपत्रकावर नाही, पण दप्तर त्याच्या हाताखाली. तीन सज्जे सांभाळायचे तर एका ठिकाणी कुणीतरी बसायला लागतो, मग तलाठी आपल्या खिशातून ठेवतो. तो खिसा कुठून भरतो हे तुम्ही अनुभवलंय. मी ठेवलेला नाही. म्हणून माझ्या दोन चावड्यांना आठवड्यातले चार दिवस कुलूप असतं आणि लोक मलाच शिव्या घालतात. ज्यानं ठेवलाय त्याचं कार्यालय उघडं, त्याचे टक्के हिरवे, त्याचा सत्कार. बचाव करत नाही. असं चालतं ते सांगितलं.

गट_नंबर_शून्य

हे मोकळेपणी लिहिलंत, बरं वाटलं. माझं वर्ष मात्र परत येत नाही.

गॅलरीतला_बाबू

मी मंत्रालयात कक्षात आहे, म्हणजे धागाकर्त्याच्या गोष्टीतला खलनायक. आमची बाजू ऐका.

अधिवेशनात तारांकित प्रश्न लागतो. समजा, अमुक जिल्ह्यांत किती शेतकऱ्यांची मदत ई-केवायसीअभावी अडकली. उत्तर मंत्री सभागृहात देणार, आकडा चुकला तर हक्कभंगाची भाषा. आमचं पत्र निघतं तेव्हा त्यात तीन-चार दिवस असतात. ते विभागीय आयुक्तांकडे जातं, आयुक्त कार्यालय आपल्या संकलनासाठी एक दिवस कापून घेतं. जिल्हाधिकारी कार्यालय एक दिवस कापतं. प्रांताधिकारी अर्धा. तहसीलदारांकडे पोचेपर्यंत 'उद्या सकाळी अकरापर्यंत' झालेलं असतं, आणि तलाठ्यांच्या ग्रुपवर पडताना 'आज दुपारी दोनपर्यंत'. प्रत्येक जण आपली कातडी वाचवायला थोडा थोडा वेळ कापतो आणि सगळी कात्री शेवटच्या माणसाच्या मानेवर चालते.

दुसरं, तीच माहिती पुन्हा का मागतो? कारण कृषीची यादी आणि महसूलची यादी जुळत नाही. मदत व पुनर्वसनचा नमुना वेगळा, आमचा वेगळा. एकमेकांची माहिती एकमेकांना दिसत नाही. 'सगळ्यांसाठी एकच नमुना करू' अशी टिप्पणी मी स्वतः ठेवली होती. ती फाईल अजून फिरतेय.

खडूस_आजोबा

@गॅलरीतला_बाबू, 2005 च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या कायद्यात लिहिलंय की कुठलीही फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तुमची टिप्पणी कायद्यातून सुटली वाटतं.

गॅलरीतला_बाबू

एका टेबलावर राहिलेलीच नाही. दर सात दिवसांनी 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत येते. कायद्याचं तंतोतंत पालन.

चहाबाज

हसून हसून पुरेवाट. आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

फळा_आणि_खडू

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तुमचं 'प्रपत्र' वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं! पोषण आहाराचा रोजचा आकडा, यू-डायसवर शाळेची माहिती, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, रोज नवी लिंक. उपक्रमापेक्षा उपक्रमाचा फोटो महत्त्वाचा. मागे वृक्षारोपणाचा फोटो पाठवायचा राहिला म्हणून त्याच खड्ड्यापाशी मुलांना परत उभं केलं. एक पोरगं म्हणालं, "बाई, हे झाड परत लावायचं का?"

पण मला एक सुटका आहे. वर्गात शिरलं आणि दार लोटलं की तास-दीड तास मी फक्त शिक्षिका असते. दुसरीतलं पोर पहिल्यांदा जोडाक्षर वाचतं तेव्हा मागचा सगळा कागद विसरते. भाऊसाहेब, तुमच्या कामात असं काही आहे का?

नाईट_ड्युटी

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. कोविडमधलं मी इथे काढत नाही. एवढंच, की फोन उलटा ठेवायची सोय ज्याला आहे त्यानं ती वापरावी. आमच्याकडे बेल वाजली की उठावंच लागतं. गेल्या वर्षी मी रजा टाकली तेव्हा सगळे म्हणाले, तुला काय झालंय? काहीच झालेलं नव्हतं. म्हणूनच टाकली.

क्युबिकलवासी

सरळ सोडा हो. हिंजवडीत मी तीन वेळा नोकरी बदलली. कौशल्य असेल तर काम मिळतं. एकाच खुर्चीला चिकटून राहायचं हे खूळ सरकारी लोकांचंच.

संत्रानगरी

फेरफार धरता येणाऱ्याले हिंजवडीत कोण घेते भाऊ?

क्युबिकलवासी

जमीन खरेदी करणाऱ्या कंपन्या, बांधकाम व्यावसायिक, वकिलांची कार्यालयं. सातबारा वाचता येणारा माणूस सोन्याच्या भावानं विकला जातो. मस्करी नाही करत.

सज्जावाला

@क्युबिकलवासी, हे खरं आहे. एका बिल्डरकडून विचारणाही झाली होती. पण ज्याच्यासाठी नोंदी तपासून द्यायच्या तोच उद्या माझ्या जुन्या सहकाऱ्यावर दबाव आणायला मला पाठवणार. ते नको.

खडूस_आजोबा

बाकी 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारला पाच दिवसांचा आठवडा आहे. पाऊण वाजता... चुकलो, पावणेदहा ते सव्वासहा. आम्ही नोकरी केली तेव्हा शनिवार अर्धा भरायचो, आणि कुणाला उबग वगैरे आला नव्हता.

फळा_आणि_खडू

@खडूस_आजोबा, तुमच्या काळात व्हॉट्सॲप ग्रुप होता का? सव्वासहाला कार्यालय सुटतं, ग्रुप सुटत नाही.

संत्रानगरी

पाच दिवसांचा आठवडा पटवाऱ्याले सांगू नका. रेतीवाले शनिवार-रविवार पाहूनच ट्रॅक्टर काढतात. रात्री नदीवर गस्तीले दोघं जण, सोबत एक कोतवाल, हाती टॉर्च. समोर जेसीबी. अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या वाचता ना तुम्ही? सरकारी नोकरावर हल्ल्याचा गुन्हा दाखल होते, आधी भादंविचं 353, आता न्याय संहितेचं कलम 132. दुसऱ्या रात्री गस्त परत त्यालेच.

मनकवडा

मी समुपदेशन करतो, सरकारी कर्मचारी बरेच येतात. धागाकर्त्यानं एक वाक्य सहज लिहिलंय, मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं: "भीतीही वाटेना."

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आपल्या वर्गीकरणात घेतली, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनानं तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या लिखाणात दुसरी खूण ठळक आहे.

पण ही अवस्था आणि नैराश्य यांत फरक करावा लागतो, आणि तो इथे प्रतिसाद देऊन होत नाही. ढोबळ पाहायचं तर: सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर खेळताना बरं वाटतं का? जेवणाची चव लागते का? पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही, असं होतं का? आपण नसलो तर बरं, असं मनात येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आजच कुणाशी तरी बोला. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. "गावातले लोक बघतील" ही अडचण खरी आहे. मग शेजारच्या जिल्ह्यात जा, पण जा.

उंबरठा

सरकारी कर्मचाऱ्याची बायको म्हणून लिहिते. आमचे हे कृषी खात्यात. त्यांना काय झालंय ते मला त्यांच्या आधी कळलं होतं. घरी आले की चपला काढून तसेच ओट्यावर बसायचे, आत यायचे नाहीत. मुलाने वही दाखवली की "तात्काळ सादर कर" म्हणायचे. पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर हसू येईना.

भाऊ, तुम्ही लिहिलंत की घरात विषय काढायची सोय नाही. वडिलांचं सोडा, बायकोला सांगितलंत का? ती ओळखून असेल. ती विचारत नाही, कारण तुम्ही काय उत्तर द्याल याची तिला भीती वाटत असेल.

निवृत्त_नायब

धागा तीनदा वाचला. तलाठी म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. प्रश्न रजा, बदली, परीक्षा की राजीनामा हा होता, त्यावर कुणीच धड बोललेलं नाही, म्हणून लांब लिहितो.

राजीनामा सर्वांत शेवटी. राजीनामा दिला की मागची सेवा गेली. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते, तुमची नाही. एनपीएसमधून, म्हणजे तुमच्या नव्या पेन्शनमधून, मुदतीआधी बाहेर पडलात तर बहुतेक रक्कम वर्षासनात जाते, हातात थोडी येते. दुसऱ्या सरकारी पदावर निवड झाली तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी अर्ज योग्य मार्गाने, कार्यालयामार्फत केलेला हवा. तसा केला तर आधीची सेवा जोडून मिळते. परीक्षा द्यायची असेल तर हे आत्ताच बघा. निवड झाल्यावर आठवून उपयोग नाही.

बदलीबद्दल. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये. जिल्हा बदलून मागितलात तर सेवाज्येष्ठता तळाला जाईल, मंडळ अधिकारी व्हायला मग जन्म जाईल. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मागा. आणि गाव बदललं तरी ग्रुप तोच राहतो, हे लक्षात ठेवा.

रजा. रजा हक्क म्हणून मागता येत नाही असं नियमातच आहे आणि साहेब लोक तेवढंच वाक्य पाठ करतात. पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेली रजा नाकारणं त्यांनाही जड जातं. फार तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दुसऱ्या मतासाठी पाठवतील. जावं. अर्धपगारी रजा वर्षाला वीस दिवस जमा होते, ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते, खात्यातून दुप्पट वजा होते एवढंच. अर्जित रजेला हात लावू नका, ती पुढे लागेल. सेवापुस्तकात रजेचा हिशेब अद्ययावत आहे का ते आधी बघा. बहुतेकांचा नसतो.

आता खरं दुखणं. तुमचा त्रास मूळ सज्ज्याचा नाही, अतिरिक्त दोन सज्ज्यांचा आहे. कार्यभाराचा लेखी आदेश आहे का? नसेल तर मागा. असेल तर त्यावर मुदत आहे का बघा. मग एका पानाचा अर्ज द्या: तीन सज्जे, गावं इतकी, खातेदार इतके, प्रलंबित नोंदी इतक्या, एका माणसाकडून मुदतीत होणं शक्य नाही, पर्यायी व्यवस्था व्हावी. भावना लिहू नका, आकडे लिहा. टपालात देऊन पोच घ्या. कार्यभार काढतील याची खात्री देत नाही. पण उद्या सेवा हमी कायद्याखाली तुमच्यावर विलंबाचा ठपका आला, तर ती पोच तुमच्या बाजूनं बोलेल. मी पाहिलेली माणसं कामानं कोसळली नाहीत. आपण करू शकत नाही असं काम आपल्या नावावर गुपचूप साचू दिलं आणि मग एक दिवस नोटीस आली, त्यानं कोसळली.

पेठेतला_पडीक

वर जरा जास्त बोललो. शब्द मागे घेत नाही, पण माणूस म्हणून काळजी घ्या.

अवांतर: नायबसाहेब, योग्य मार्गाने अर्ज म्हणजे नक्की कसा? माझा मित्र पोलिसात आहे.

निवृत्त_नायब

व्यक्तिगत निरोप करतो.

खडूस_आजोबा

धागाकर्त्याला सूचना. सोशल मीडियाबाबत शासनाचा 2025 मधला जीआर वाचा आणि मग पहिल्या परिच्छेदातला जिल्हा खोडा. मी कुणाला उबग आला नव्हता असं वर म्हटलंय. आमच्या कचेरीत एक कारकून होता, रोज डबा न उघडता घरी न्यायचा. त्याला आम्ही चक्रम म्हणायचो. एवढंच.

सज्जावाला

सगळ्यांचे आभार. कामात होतो, म्हणून उशीर.

@फळा_आणि_खडू, आहे तसं काही. एका म्हातारीचा नवरा वारला होता, मुलगे तिचं नाव लावायला तयार नव्हते. नियमाप्रमाणे सगळ्या वारसांची नोंद धरली. सातबारा काढून दिला तर तिला वाचता येत नव्हतं, "माझं नाव कंचं, त्यावर बोट ठेव" म्हणाली. पण हे कुठल्या टक्क्यात बसत नाही.

@उंबरठा, बायकोला धागाच वाचायला दिला. तिनं वाचला आणि म्हणाली की त्या बारांतले सहा मिस्ड कॉल तिचेच होते.

@मनकवडा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. पहाटे जाग येण्याचं 'हो'. शेजारच्या जिल्ह्यातली वेळ घेतलीय.

@निवृत्त_नायब, रजेचा हिशेब काढायला गेलो. सेवापुस्तक 2021 नंतर भरलेलंच नाही. आस्थापनेच्या कारकुनाकडेही दोन टेबलांचा कार्यभार आहे, तो म्हणाला, "भाऊसाहेब, अर्ज टाका, पण तात्काळ म्हणू नका." आकड्यांचा अर्ज लिहून टपालात दिला, पोच घेतली. तहसीलदार साहेबांनी वाचला आणि विचारलं, "हे सगळ्या तालुक्याचं एका तक्त्यात करून देता का?"

गॅलरीतला_बाबू

अरे देवा.

संत्रानगरी

देऊ नको बे! प्रपत्र ठरवायची पहिली बैठक तुयाच अध्यक्षतेखाली होईन.

निवृत्त_नायब

उलट, द्या. फक्त तक्ता करायचा लेखी आदेश मागा, आणि तेवढे दिवस अतिरिक्त सज्ज्यातून मोकळं करा म्हणा.

गट_नंबर_शून्य

विषय चाललाच आहे म्हणून विचारतो. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'दत्तू'च्या जागी 'दतु' पडलंय, ऑनलाइन झालं तेव्हापासून. दुरुस्तीला काय करावं लागेल?

सज्जावाला

कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि तो फेरफार जोडा. सोमवारी द्या दादा, आज रविवार आहे.